मुदतवाढ

माझा मेव्हणा बँकेत आहे. आमच्या घरात लोणची असतात तशा त्याच्याकडे रजा असतात: वेगवेगळ्या बरण्यांत, वेगवेगळ्या नावांच्या. कॅज्युअल वेगळी, प्रिव्हिलेज वेगळी, आजारपणाची वेगळी. शिवाय दर काही वर्षांनी बायकामुलांना घेऊन फिरून आलं की त्याचे पैसे बँकच देते. डिसेंबर उजाडला की तो आमच्या सोफ्यावर तंगड्या पसरून म्हणतो, "कॅज्युअल लॅप्स होतायत रे." पानात टाकलेलं बघून माझ्या आजीला जसा राग यायचा तसा मला येतो.

मी करसल्लागार. धनकवडीत दीड खोलीचं ऑफिस, त्यातल्या अर्ध्या खोलीत मी, एका खोलीत ताई आणि फायली. सतरा वर्षांत माझी एकही रजा खर्ची पडलेली नाही, कारण एकही जमा झालेली नाही. तसं पाहिलं तर मला कोणीच अडवत नाही. आत्ता या क्षणी शटर ओढून मी काश्मीरला जाऊ शकतो. हे गेली सतरा वर्षं मी सगळ्यांना अभिमानाने सांगत आलोय आणि गेलोय ते फार तर नारायणपूरपर्यंत.

अडवतं ते कालनिर्णय. त्यावर इतरांच्या घरात संकष्टी महिन्यातून एकदा येते, माझ्याकडे तीनदा. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-वन, २० ला थ्री-बी. त्यावर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च असे आगाऊ कराचे चार उपास. ३१ जुलैला साधी विवरणपत्रं, ३१ ऑक्टोबरला ऑडिटवाल्यांची, ३१ डिसेंबरला झोपून राहिलेल्यांची. या सगळ्यातून सलग मोकळे दिवस शोधायचे म्हणजे पितृपक्षात लग्नाचा हॉल शोधण्यापेक्षा अवघड. हॉल निदान रिकामे तरी असतात.

बायको ब्लाऊज शिवते. म्हणजे घरात दोन धंदे आणि रजा शून्य. माझी आणि तिची नेहमी वादावादी होते की कुणाचं काम जास्त जोखमीचं. माझ्याकडे चूक झाली तर दंड भरून सुटता येतं. तिच्याकडे बाही अर्धा इंच घट्ट झाली तर नवरीची मावशी दारात उभी राहते. मावशीला व्याज आणि विलंब शुल्क देऊन परत पाठवता येत नाही.

तर अशा घरात तीन महिने फिरायला जायचा विषय आईने काढला. तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती. पट्टी सुटल्यावर तिने आधी घरभर नजर फिरवली, ओट्यामागच्या टाइल्सकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, काही बोलली नाही. मग मला म्हणाली, "एवढा खर्च करून दिसायला लागलंय, तर आता काहीतरी दाखव."

अमेरिकेतल्या एका विद्यापीठात शिकवणारा माझा मावसभाऊ फोनवर म्हणाला, "अरे, सॅबॅटिकल घे." त्यानेच सांगितलं की हा शब्द ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांतला. सहा वर्षं जमीन कसायची, सातव्या वर्षी तिला विश्रांती द्यायची. कल्पना उदात्त आहे. फक्त आमच्या गावाकडे रान पडीक दिसलं की बांधावरचा शेजारी आधी त्यात म्हैस सोडतो, मग गोठा बांधतो आणि तीन वर्षांनी कोर्टात सांगतो की वहिवाट आमचीच. माझ्या बांधावरही असा एक आहे. मेडिकलच्या वर नवीन ऑफिस टाकलेला, सत्तावीस वर्षांचा, एसीवाला. गेल्या वर्षी त्याने माझ्या तीन पार्ट्यांना नववर्षाच्या डायऱ्या दिल्या.

पूर्वज शोधायची आपल्याला सवयच असते, तसा मीही शोधला. स्वतःचा धंदा असून लांबच्या प्रवासाला निघालेला मराठी माणूस म्हणजे वरसईचे विष्णुभट गोडसे. डोक्यावर कर्ज, भिक्षुकीचा व्यवसाय, आणि कानावर आलं की उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत. दक्षिणा मिळेल म्हणून १८५७ साली काकांना घेऊन निघाले. साल पुन्हा वाचा. आजवर इतकी चुकीची तारीख कुणी निवडली नसेल. बंडात सापडले, झाशीला वेढा पडला तेव्हा आत होते, मिळालं ते लुटलं गेलं, आणि शेवटी आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी आले. त्यांनी लिहिलेला 'माझा प्रवास' छापून आला १९०७ साली. पण धंद्याच्या दृष्टीने बघितलं तर गोडसे भटजींचा प्रवास शंभर टक्के व्यावसायिक होता. उत्पन्न मिळवण्यासाठी केलेला खर्च. मी असतो तर एकूण एक वजावट मागून दिली असती.

आमच्या प्रवासाची वजावट मिळत नव्हती. सोसायटीतले एक काका म्हणाले, "तिकडचे दोन-चार क्लायंट दाखवा की कागदावर." दरवर्षी माझ्याकडे कुणी ना कुणी गोव्याच्या हॉटेलचं बिल घेऊन येतो आणि 'बिझनेस डेव्हलपमेंट' म्हणतो. बिलात मुलांचं आइस्क्रीम असतं. मी सतरा वर्षं ती बिलं बाजूला काढत आलोय. आता स्वतःसाठी कुठल्या तोंडाने आत घालू?

शिवाय पगारदाराचा प्रवास एकेरी खर्चाचा असतो, आमचा दुहेरी. तो सुट्टीत खातो त्या इडलीची किंमत चाळीस रुपये. मी खातो त्या इडलीची किंमत चाळीस रुपये, अधिक ती खायला लागलेल्या वीस मिनिटांत न झालेली कमाई. हे मी एकदा मुलांसमोर बोलून गेलो आणि चिरंजीवांनी तिसरीतलं सगळं गणित त्यावर पणाला लावलं. नंतर प्रवासभर प्रत्येक हॉटेलात, भरल्या टेबलावर, "बाबा, हा डोसा खरा कितीला पडला?"

तरीही ठरलं. ३१ ऑक्टोबर २०२४ ला ऑडिटची विवरणपत्रं संपतात, ३ नोव्हेंबरला भाऊबीज, ४ ला निघायचं, १ फेब्रुवारीला परत. मोजून नव्वद दिवस. फक्त दक्षिण. रेल्वेच्या चक्राकार तिकिटाचा शोध मला तेव्हा लागला आणि दोन दिवस मी कुणाशी नीट बोललो नाही. जिथून निघालो तिथेच परत यायचं, मध्ये जास्तीत जास्त आठ मुक्काम, आणि भाडं आकारताना एकूण अंतराचे दोन समान भाग करून दोन एकेरी प्रवास धरायचे. लांबच्या पल्ल्याला किलोमीटरमागे दर कमी होत जातो, त्यामुळे हे स्वस्त पडतं. इतकी सुंदर तरतूद आयकर कायद्यातही नाही. मी उत्साहाने तक्ता करून घरात मांडला. आईने विचारलं, "आठच?" तिच्या वहीत अकरा देवळं होती, वाटेत लागणारी वेगळी. तक्ता मिटला. पाच जणांची सुटी सुटी तिकिटं काढली. तेव्हा चार महिने आधी आरक्षण मिळायचं, म्हणून जुलैत, ऐन विवरणपत्रांच्या गर्दीत, पार्टीच्या फॉर्म सोळाच्या आड दुसरी खिडकी उघडून मी होसपेटचे पाच बर्थ मिळवले.

शाळेत रजेचा अर्ज घेऊन गेलो. बाईंनी तो दोनदा वाचला.

"कारण काय लिहिलंय तुम्ही? प्रवास?"

"हो."

"असं कारण बसत नाही. आजारपण लिहा ना."

"पण दोघंही ठणठणीत आहेत."

"मग तुम्ही आजारी आहात असं लिहा."

मी विचार केला, तीन महिने धंदा बंद ठेवून निघालेल्या माणसाबद्दल हे अगदीच खोटं म्हणता येणार नाही.

आणि २६ ऑक्टोबरला मुदतवाढ आली. ऑडिटवाल्यांची विवरणपत्रं ३१ ऑक्टोबरऐवजी १५ नोव्हेंबरपर्यंत.

मुदतवाढ ही काय चीज आहे हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. पार्टीला वाटतं, मुदत वाढली म्हणजे काम झालं. जो माणूस २५ तारखेला घामाघूम होऊन बँकेची स्टेटमेंटं गोळा करत होता, तो २६ ला संध्याकाळी सहकुटुंब महाबळेश्वरला निघतो. जाताना मला फोन करून वर सांगतो, "साहेब, आता तुम्हीपण जरा आराम करा." मी आराम म्हणून तिकिटं रद्द केली. थ्री टायर एसीला माणशी १८० रुपये कापले जातात. पाच जणांचे नऊशे, आणि त्यावर जीएसटी, जो मी काहीही झालं तरी मोजतोच.

मग १५ तारखेनंतरची तिकिटं बघायला गेलो तर आई म्हणाली, २० ला मतदान आहे, मत दिल्याशिवाय मी गाव सोडणार नाही. विधानसभा आहे, चेष्टा नाही. बायकोचंही तेच म्हणणं होतं, पण कारण वेगळं. तुळशीची लग्नं लागली होती आणि तिच्या टेबलावर सतरा ब्लाऊज कापून पडले होते. "तुमच्या सरकारकडून माझ्या नवऱ्यामुलींना मुदतवाढ आणून द्या," ती म्हणाली, "मग मी उद्या निघते." आमच्या दोघांच्या वादाचा निकाल त्या रात्री लागला. तिचं काम जास्त जोखमीचं. मुहूर्ताला मुदतवाढ नसते.

२१ नोव्हेंबर ठरला. २० ला थ्री-बी संपणार, मतदान होणार, २१ ला संध्याकाळी गाडी. आणि मतदानामुळे महाराष्ट्रात थ्री-बीची तारीख एक दिवस पुढे गेली. २१ नोव्हेंबर. मी ते परिपत्रक वाचलं तेव्हा ताईंनी मला पाणी आणून दिलं.

पुणे स्टेशनवर, गाडी लागलेली, आई खिडकीत, दशम्यांचा डबा तिच्या मांडीवर, आणि फलाटावरून आमचे फरसाणवाले पळत येताना दिसले. हातात लक्ष्मीच्या चित्राची पिशवी. या माणसाचा सगळा व्यवहार गेली बारा वर्षं एका पिशवीत माझ्याकडे येतो. त्यात खरेदीची बिलं, विजेचं बिल, मुलीचं प्रगतिपुस्तक, एकदा तर कवळी होती. "साहेब, आज शेवटची तारीख ना? म्हटलं गाठतो." पिशवी खिडकीतून आत आली, मागोमाग अर्धा किलो भाकरवडी. "ही वहिनींना. प्रवासात लागते."

अशी पिशवी विजयनगरला पोचली.

हंपीबद्दल मी वेगळं काय लिहावं? चाळीस वर्षं मराठी माणूस तिथे जातो आणि परत येऊन आपल्याला स्लाइड दाखवतो. दगड फार आहेत. एका लॉजच्या गच्चीवर, समोर विरूपाक्षाचं गोपूर, आणि मी फरशीवर बेसन, तेल, पॅकिंग अशा गड्ड्या लावून बसलेलो. वारा येऊन तेलाची बिलं उडाली ती चिरंजीवांनी केळीच्या बागेतून आणली. आकडे फोनवरून ताईंना सांगितले. आता फक्त ओटीपी. तो पार्टीच्या मोबाइलवर येतो आणि दहा मिनिटं जगतो.

तो आला तेव्हा आम्ही तुंगभद्रेत होतो. चक्रतीर्थापाशी टोपलीसारखी गोल नाव मिळते, वेताची, खाली डांबर लावलेली. नावाडी मध्यावर नेऊन ती गरागरा फिरवतो, कारण माणसं त्याचेच पैसे देतात.

"साहेब, आला! घ्या लिहून. चार, सात, नऊ, दोन."

"सहा आकडी असतो हो!" माझ्यासमोरून देऊळ गेलं, मग आई गेली, मग पुन्हा देऊळ.

"चारच आहेत साहेब."

"नीट वाचा, काय लिहिलंय?"

"तुमचा सिलिंडर... अरे, हा गॅसवाल्याचा. थांबा, तो दारात आलाय, त्याला देऊन येतो."

विलंब शुल्क दिवसाला पन्नास रुपये. आम्ही तीन दिवस उशीर केला. दीडशे रुपयांसाठी मी नदीच्या मधोमध उभा राहून ओरडत होतो आणि नावाड्याने मला खाली बसवायला जी खूण केली ती कन्नडमध्ये नव्हती, सगळ्या भाषांत होती. आईला मात्र ती फेरी फार आवडली. "पुन्हा फिरव म्हणावं," म्हणाली. डोळे नवे होते तिचे.

पुढचे पंधरा दिवस असेच गेले. बंगळूरला चुलत बहिणीकडे, मग म्हैसूर. पुदुच्चेरी यादीत होतं, पण ३० नोव्हेंबरला फेंगल वादळ तिथेच येऊन धडकलं आणि आम्ही ते खोडलं. म्हैसूरच्या राजवाड्यात लाखाच्या आसपास दिवे लागतात म्हणतात. ते लागले त्या क्षणी मी एका केटररला सांगत होतो की मंडपाचं भाडं वेगळ्या खात्यात टाका. लोक 'आहाहा' म्हणाले तेव्हा मी वळून बघितलं.

पण मला जास्त दिवस राहावंसं वाटलं ते तंजावरला. मोठ्या देवळाच्या आवारात भिंतीवर मराठी शिलालेख आहे, १८०३ चा, सरफोजी राजांनी कोरवून घेतलेला, भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा. देवनागरी अक्षरं, दगडावर, ओळीमागून ओळी. चेन्नईच्याही पुढे तीनशे किलोमीटर आल्यावर आपली लिपी अशी भिंतभर भेटते तेव्हा पोटात काहीतरी होतं. मी वाचत चाललो आणि माझ्या मागे पाच-सहा माणसं जमली, कारण देवळात भिंतीला नाक लावून उभा असलेला माणूस लोकांना बरं नसलेला वाटतो.

या सरफोजींची मला फार आपुलकी वाटली. १७९९ साली कंपनी सरकारने राज्याचा कारभार त्यांच्याकडून काढून घेतला. किल्ला राहिला, तनखा राहिला, काम गेलं. म्हणजे वयाच्या विशीत सक्तीची भरपगारी रजा. दुसरा एखादा शिकारीला गेला असता किंवा दारूला लागला असता. या गृहस्थांनी ग्रंथ जमवले. सरस्वती महालात आजही ते पोथ्यांचे ढीग आहेत. पुढे काशीयात्रेलाही गेले, हजारोंचा लवाजमा घेऊन. मी ग्रंथालयातून बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि मनात म्हटलं, मला चाळीस वर्षं रजा दिली तर मी काय जमवीन? उत्तर फार वाईट आलं. मी इतरांच्या पावत्या लावून ठेवीन.

तिथल्याच एका गल्लीत धोतर नेसलेले एक आजोबा आमचं बोलणं ऐकून थांबले आणि आमच्याशी मराठीत बोलू लागले. त्यांची मराठी जुन्या पोथीसारखी, मधूनच तमिळ वळणाची. तीनशे वर्षांपूर्वी घराणं इकडे आलं, तेव्हापासून घरात हीच भाषा. आईने त्यांना आमचं गोत्र सांगितलं, त्यांनी त्यांचं. माझ्या अंगावर काटा आला होता. मग त्यांनी विचारलं, "आपण काय करिता?" मी सांगितलं. आजोबा जरा जवळ सरकले. "म्हंजे, बँकेच्या ठेवीवरल्या व्याजाचं विचारू का?"

पुण्याहून निघाल्यापासून हे नववं. डॉक्टरला लोक गाडीत जीभ दाखवतात, मला फॉर्म सव्वीस-एएस दाखवतात.

बायको मात्र तंजावरात गायब झाली. आम्ही देवळात असलो की ही एका शिंप्याच्या दुकानात. त्याला मराठी येत नाही, हिला तमिळ येत नाही, हिंदी दोघांचीही बेताचीच. पण बोटाने गळ्याचा आकार काढायला भाषा लागत नाही. तीन दिवसांनी ती जुन्या वर्तमानपत्रावर कापलेले अकरा नमुने घेऊन आली. मागचा गळा, बाहीची चुण, जरीच्या काठाला कात्री न लावता तो खांद्यावर कसा आणायचा. "पुण्यात हे कुणाकडे नाही," एवढंच म्हणाली आणि झोपली. मी बराच वेळ जागा होतो. अख्ख्या कुटुंबात गोडसे भटजींची वारस ही एकटी निघाली. तिच्या तिकिटाचा खर्च आता खरोखर धंद्याच्या कलमात बसत होता. माझा नाही.

रामेश्वरला आगगाडी मंडपमपर्यंतच होती. जुना पांबन पूल बंद, नवा बांधून तयार, पण उद्घाटन व्हायचं होतं. आई बसच्या खिडकीतून त्याच्याकडे बघत म्हणाली, "यालाही मुदतवाढ दिलीय वाटतं." देवळात बावीस कुंडं, प्रत्येक कुंडाचं पाणी बादलीने डोक्यावर. मी फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कंबरेला लावला होता. अकराव्या कुंडापाशी तो वाजला, मी घेतला नाही. बाविसाव्यानंतर ओल्या हाताने बघितलं तर कुठल्याशा कर्जाची जाहिरात.

ते माझ्या नंतर लक्षात आलं. कामाचा फोन येऊन तीन दिवस झाले होते.

कन्याकुमारीला ३१ डिसेंबर. विवेकानंद शिला आणि तिरुवळ्ळुवरांचा पुतळा यांना जोडणाऱ्या काचेच्या पुलाचं आदल्याच दिवशी उद्घाटन झालेलं, त्यामुळे गर्दी अशी की समुद्र नंतर दिसतो. हिवाळ्यात तिथे एकाच जागेवरून सूर्य समुद्रात बुडताना दिसतो आणि सकाळी समुद्रातूनच वर येताना. आम्ही वर्षाचा शेवटचा सूर्य बघायला उभे आणि बातमी आली: उशिराची विवरणपत्रं ३१ डिसेंबरऐवजी १५ जानेवारीपर्यंत. मी फोन हातात धरून थांबलो. आता धडाधड येतील. सूर्य गेला. अंधार झाला. कोणी केला नाही.

केरळात मी आजारी माणसासारखा झालो. अलप्पीच्या पाण्यात होडी चाललीय, दोन्ही काठांना नारळी, बदकांचे थवे, आणि मी दर पाच मिनिटांनी रेंज बघतोय. शेवटी राहवेना, मीच फरसाणवाल्यांना फोन लावला.

"काही अडलं नाही ना?"

"नाही साहेब. अडलं की सांगतो."

"डिसेंबरचं थ्री-बी?"

"ताईंकडे दिलं की. साहेब, तुम्ही मजा करा."

मग केटररला केला. मग त्या निवृत्त प्राध्यापकांना, ज्यांच्या ठेवी सात बँकांत आहेत आणि जे मला दर रविवारी फोन करत. ते म्हणाले, "अहो, ताईंनी एक छान पद्धत पाडलीय. ओटीपी फक्त ११ ते १२. त्या वेळात आम्ही सगळे फोन घेऊन बसतो. तुमच्या वेळी फार धावपळ व्हायची." तुमच्या वेळी! मी जिवंत होतो, नारळपाणी पीत होतो.

बायको म्हणाली, "अहो, बरंच आहे की." तिला काय होतं म्हणायला? तिच्या फोनवर पुण्याहून सतत फोटो येत होते, कुणाच्या तरी शालूचे, 'याला तंजावरचा गळा चालेल का?' असं विचारत. बातमी तिच्या आधी पोचली होती.

आईला मध्येच उत्तरेची लहर आली होती. १३ जानेवारीपासून प्रयागराजला महाकुंभ आणि रेल्वेच्या डब्यात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. तिला मी चिरंजीवांचा हिशेब दाखवला. त्याने एका महिन्याच्या सगळ्या इडल्यांची खरी किंमत काढली होती. तिने वही मिटली. गोव्यात मंगेशीला आणि कोल्हापुरात अंबाबाईला तिची अकराची यादी पुरी झाली. वर सात देवळं बोनस.

१ फेब्रुवारी. कोल्हापूरहून सकाळच्या गाडीने निघालो. शनिवार असूनही त्या दिवशी अर्थसंकल्प होता. सातारा गेलं आणि डब्यात एकदम गलका झाला. बारा लाखांपर्यंत कर नाही! समोरच्या बाकावरच्या मास्तरांनी शेजाऱ्याला पेढा भरवला, तो कंदी पेढ्यांचा पुडा अर्थात मुलीकडे चालला होता. आईने मोठ्याने सांगितलं, "माझा मुलगा टॅक्सचंच काम करतो." डबा माझ्याकडे वळला. मी खुलासा केला: नव्या पद्धतीने, सूट रिबेटच्या रूपात, पगारदारांना पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत, आमच्यासारख्या धंदेवाल्यांना फक्त बारा. ते पंचाहत्तर हजार तुम्हाला जास्त का, हे मला अजून कळलेलं नाही, असंही म्हणालो. तोवर कोणी ऐकत नव्हतं.

मेव्हण्याचा फोन आला. "अरे, बारा लाख! म्हणजे तुला आता कायमचीच रजा की!" तो पोट धरून हसत होता. कॅज्युअलवर असणार.

घरी पोचलो, सामान ठेवलं. त्र्याहत्तर दिवसांची धूळ बायकोने पुसायला घेतली तोच दारात नवरीची एक मावशी उभी राहिली, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कापड. मी पायात चप्पल अडकवली आणि भाकरवडी आणतो म्हणून बाहेर पडलो. वाटेत ऑफिस लागतं. शटर अर्धं खाली, आत दिवा. ताई कुणाला तरी फोनवर सांगत होत्या, "नाही नाही, विवरणपत्र तरी भरावंच लागतं. उद्या अकराला या." मी आत गेलो नाही.

फरसाणवाल्यांनी मला बघून हात जोडले. "आलात? झाली का ट्रिप?"

"झाली. पिशवी?"

"कसली?"

"जानेवारीची. ११ ला जीएसटीआर-वन आहे."

"ती होय. ताईंनी पिशवी बंद केली ना. आता सगळं रोजच्या रोज फोटो काढून पाठवतो." त्यांनी अर्धा किलो भाकरवडी तोलली, पुडा बांधला, आणि मग काउंटरखालून एक छोटं यंत्र काढून त्यातून बिल फाडून माझ्या हातात दिलं. छापील. नंबर घातलेलं. बारा वर्षांत या दुकानातून मला कधी बिल मिळालं नव्हतं, पुडासुद्धा 'राहू द्या हो साहेब' म्हणून मिळायचा.

मी बाहेर दिव्याखाली उभं राहून ते बघितलं. सुटा माल म्हणून पाच टक्के लावले होते, पाकिटातला असता तर बारा लागले असते. केंद्राचा अडीच, राज्याचा अडीच, दोन ओळींत वेगवेगळा. तीनदा तपासलं. बरोबर होतं.